हलकं इंजिन

गुरुवारी सकाळी मोशीच्या घरात मृदुला डावी सँडल शोधत होती. जाड तळव्याची. अपघातानंतर तो पाय बोटभर आखूड झाला होता.

“शोधून ठेवतो,” सुरेंद्र म्हणाले. “पाच मिनिटं गॅरेजला येतेस? जीपमध्ये नुसतं बसायचंय.”

“बाबा, कॅब उभी आहे.”

आठवड्यातला हा तिसरा नकार. अपघाताच्या दिवशी स्कूटर ते चालवत होते. त्यानंतर ती त्यांच्या गाडीवर बसली नाही, आणि त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

बूट घालून ती निघाली. दुपारी चाकणला, मालोजीच्या गॅरेजमध्ये, सुरेंद्र कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय.

चौदाव्या दिवशी ती रहाटणीला विजयश्री शिंत्रेंच्या कचेरीत बसली होती. विजयश्री खाजगी तपास करत. निवृत्त हवालदार भीमराज त्यांचे मदतनीस.

“जुन्या जीपसाठी बाबांनी डिझेल इंजिन घेतलं होतं. दणकट. वर्षभर तोच विषय. आता आत छोटं पेट्रोल इंजिन आहे. कंपनीत तीस वर्षं तपासणीत काढलेला माणूस; पार्ट हातात आल्याशिवाय माप घ्यायचे नाहीत. त्यांना फसवणार तो विश्वासातलाच. त्या दुपारी मालोजी त्यांच्यावर ओरडत होता, टपरीवाल्यानं ऐकलंय. तासाभरात बाबा गेले. स्कूटरच्या अपघातापासून मी त्यांच्या मागे बसत नव्हते; त्या आठवड्यात त्यांनी तीनदा गॅरेजला बोलावलं, तरी गेले नाही. मला तक्रार करायचीय. आधी खात्री हवी.”

भंगार बाजारात इंजिनं विकणाऱ्या नवनाथनं हात झटकले. “मॅडम, काकांनी स्वतः डिझेल परत केलं. तासभर इथल्या गाड्यांचे क्लच हातानं दाबून बघत होते. म्हटलं, काका, ते पायानं दाबतात!”

गॅरेजच्या दारातच मृदुला थांबली. मालोजी तिच्याकडे बघेना.

“सायबांनीच बदलाय लावलं,” तो विजयश्रींना म्हणाला. “डिझेलसाठी मारलेलं वेल्डिंग कापाय लावलं. मी म्हनलं, घाट चढायचा तर डिझेलच पायजे. तर म्हनले, मालोजी, गाडी चालवनारा बदललाय.”

“आणि गुरुवारी?”

“सीट फुडं घेतली व्हती. म्हनले, आनखी फुडं घे. तिसऱ्यांदा! वरडलो मी. व्हय, वरडलो. मला काय ठावं, ते शेवटचंच…”

भीमराज जीपमध्ये चढले आणि गुडघे स्टिअरिंगखाली अडकवून बसले. “मॅडम, गाडी विकली होती. कुणा बुटक्याला!”

“आधी सुटा तिथून, मग तर्क करा.”

सीटमागे सुरेंद्रांची कापडी पिशवी होती. भीमराजांनी ती उपडी केली. मोजपट्टी, खडू, चष्मा, एक सँडल.

“एकच? भंगार जमवायचे वाटतं.”

विजयश्रींनी सँडल उचलली, उलटी केली आणि मृदुलाला आत बोलावलं.

“इंजिन तुमच्या वडिलांनीच बदललं. डिझेलचं वजन पुढच्या चाकांवर येतं, स्टिअरिंग जड होतं. क्लचही घट्ट. त्यांच्यासाठी ते चाललं असतं. पण त्यांनी हातानं क्लच दाबून पाहिले, कारण त्यांचा स्वतःचा पाय धडधाकट होता. त्यांना दुबळ्या पायाचा अंदाज हवा होता. सीट पुढे घेतली ती सहा फुटी माणसानं स्वतःसाठी नाही. क्लच डाव्या पायानं दाबतात. ही सँडल डावी आहे, तळवा जाड आहे.”

मृदुलानं हात पुढे केला नाही.

“ते अंदाजानं माप घेत नसत. माणूस तीनदा बोलावून आला नाही, म्हणून त्यांनी सँपल आणलं.”

“मला चालवायला?”

“त्यांच्या मागे तुम्ही बसणार नाही, हे त्यांनी मान्य केलं होतं. तुम्ही चालवाल, तर ते शेजारी बसणार होते.”

मालोजीनं आता मृदुलाकडे बघितलं. “पोरीसाठी व्हय? बोलले असते तर धा येळा सीट सरकवली असती.”

“मग मी तक्रार कुणाची करू?” मृदुलानं विचारलं.

विजयश्रींनी भीमराजांना खुणेनं बाहेर नेलं.

मृदुलानं सँडल घातली. सीटवर बसली. डावा पाय क्लचवर ठेवून दाबला. तो अलगद, तळापर्यंत गेला.

मग ती शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळली.

“बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली, “त्या अपघातात तुमची चूक नव्हती.”