न जळलेली कॉइल

सात वर्षांपूर्वी धुळ्यात कॉलेजच्या कार्यक्रमात स्पीकर फुटला, म्हणून जळगावचा प्रेमराज तिथल्या एका दुरुस्तीच्या दुकानात शिरला. निमित्त एवढंच. काउंटरमागे मालकांऐवजी त्यांची मुलगी दीपमाला होती. तिनं स्पीकर उघडला आणि आतली काळी पडलेली कॉइल त्याच्या नाकासमोर धरली.

“वाजवत होता — की भाजत होता?”

“हेवी मेटल. अहिराणीतलं. खानदेशात आमच्याआधी कोणीच केलं नाही.”

“स्पीकरचे असे हालही कोणीच केले नाहीत.”

तो हसला... आणि दीपमालाच्या हातातला पेचकस जरा थांबला.

पुढं त्याच्या ‘लोखंड’ बँडचं नाव झालं. चार पोरं, काळे टी-शर्ट, कापूस वेचण्यावरची गाणी आणि आतडी हलवणारा आवाज. पुण्या-मुंबईची बोलावणी आली. दर कार्यक्रमाला एखादा स्पीकर जळायचाच. तो पोत्यात गुंडाळून प्रेमराज एसटीनं धुळ्याला यायचा. दीपमालाचे वडील, रतिलालनाना, मोबाइलवर त्याचं गाणं ऐकून कपाळाला हात लावायचे. “हाई गानं शे का भांडन?”

“जळगावात दुकानं नाहीत का रे?” दीपमाला विचारायची.

“आहेत की. पण तिथं कोणी रागवत नाही.”

ती गाल फुगवायची, तो हसायचा, आणि गाडी तिथंच अडायची. एरवी दोघंही बोलायला खमके. पण नेमक्या या गोष्टीत दोघांच्या तोंडाला कुलूप!

मग उतरण लागली. ड्रम वाजवणारा राकेश लग्नाच्या बँडमध्ये गेला, एक जण सुरतेला, एक कारखान्यात. प्रेमराजचा घसा बसला. कार्यक्रम थांबले, स्पीकर जळेनासे झाले. जळगावची गाडी यायच्या वेळी दीपमाला दाराकडं बघायची आणि स्वतःवरच चिडायची. बँड संपला, तर हा माणूस इथं येईल कशाला? ‘लोखंड’चं तिला वाईट वाटत होतंच, पण आतून पोखरत होतं ते हे.

भाद्रपदातल्या एका भुरभुरत्या दुपारी तो आला. दाढी वाढलेली, खांदे पडलेले, हातात ओलं पोतं.

“कार्यक्रम होता?”

“हो... म्हणजे, होता.” त्यानं नजर चुकवली.

तिनं स्पीकर उघडला. आवाजाचा कागदी पडदा सरळ, उभा फाटलेला. आतली कॉइल मात्र नव्यासारखी तांबूस. त्याच्या चाळीसेक जळक्या कॉइली तिच्या हाताखालून गेल्या होत्या. आवाजानं कागद असा फाटत नाही. हे पेचकसाचं काम होतं.

“प्रेमराज, गिटार कुठंय?”

“विकली. परवा.” तो स्टुलावर टेकला. “बठ्ठं सरी गयं, दीपा. काहीच उरलं नाही. थकनू मी.”

“मग हा स्पीकर?”

“मीच फाडला.” तो जमिनीकडं बघत राहिला. “दुसरं काय घेऊन येऊ तुझ्याकडं?”

दीपमालाला रडू आलं आणि रागही. चांगला स्पीकर फाडला या वेड्यानं! तिनं चहा सांगितला, ओढणीनं डोळे टिपले, आणि दुकानाच्या रिवाजाप्रमाणे स्पीकरवर चिठ्ठी चिकटवली. नाव लिहिलं. न्यायच्या तारखेची जागा कोरी ठेवली.

“कधी मिळेल?” त्यानं हळूच विचारलं.

“सांगता येत नाही. रोज येनं पडी.”

“रोज... काय घेऊन?”

“काही नाही,” ती म्हणाली. “हात हलवत ये.”