बबनरावांचा उपास

कारंज्यात कुणाला घर बांधायचं झालं की तो नकाशासाठी बबनरावांकडे येई. मोठे इंजिनिअर वगैरे ते काही नव्हते, पण हात साफ होता आणि जीभ त्याहून साफ. चहाच्या हॉटेलात बसले की जातपात, भूतखेत, मुहूर्त सगळं एका दमात निकालात काढायचे. म्हणूनच चौऱ्याहत्तर साली कामरगावच्या भिवाजींनी घराचं काम सांगितलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले, आणि बौद्धाचं घर आपण बांधतोय हे चार ठिकाणी ऐकवूनही आले.

भिवाजी भुसावळला रेल्वेत फिटर होते. रिटायर होऊन बायकोला, पंचफुलाबाईला घेऊन गावी परतले होते. मुलगा भिलाईला, मुलगी नागपूरला दिलेली. राहणार दोघंच, पण बाईला बैठक हवी होती भलीमोठी.

"झोपाले एक खोली पुरे," ती म्हणाली. "पन बैठकीत सारा गाव जेवला पाह्यजे. भुसावळले आमच्या क्वार्टरमंदी पंजाबी, मद्राशी, कोन कोन जेवून गेलं. आता लेकरं आपल्या संसाराले लागली. मी कोनाले वाढू?"

"दोन मानसाईले एवढी बैठक? झाडून झाडून कंबर जाईन तुमची," बबनराव म्हणाले.

"जाऊ द्या. आदी पानी घ्या."

तिनं पितळी पेला पुढे केला. काठोकाठ भरलेला, बाहेरून ओला. बबनराव स्टँडवरून उन्हात चालत आले होते, घशाला कोरड पडली होती. पण रस्त्यानं माणसं येत-जात होती, त्यांत एक-दोन ओळखीची. इथलं पाणी प्यायल्याची बातमी त्यांच्याआधी बसनं कारंज्याला पोचली असती. मग कोण त्यांना घराच्या आत घेणार, कोण नकाशा काढायला देणार? हॉटेलातल्या गप्पा वेगळ्या.

"आज मले उपास हाये," ते म्हणाले. "पानीबी चालत नाही."

वार होता बुधवार. पंचफुलाबाईनं पेल्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि "बरं" एवढंच म्हणाली. पेला बबनरावांनी घेऊन जागेच्या कोपऱ्यात आखणीसाठी रोवलेल्या दगडावर ठेवून दिला. स्टँडवरच्या नळाला तोंड लावून घटाघटा पाणी पिताना त्यांना स्वतःची लाज वाटली. पण प्यायलं पाणी मात्र पोटभर.

पुढच्या खेपेला जोतं उभं राहिलं होतं. कोपऱ्यातल्या त्या दगडावर पेल्याच्या बुडाएवढं ओलं कडं होतं. वर रखरखीत ऊन. बबनरावांनी अंगठ्यानं पुसून पाहिलं. अंगठा ओला झाला, कडं तसंच राहिलं. काही दगड पाणी धरून ठेवतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तेवढ्यात पंचफुलाबाई पेला घेऊन आली. त्या दिवशीही त्यांचा उपास निघाला.

भिंती वर आल्या, बैठकीत मुरूम पसरून चोपला गेला. बबनराव मोजमाप घ्यायला आत शिरणार, तोच गोविंदसिंग मिस्त्रीनं हाक मारली.

"तिकडून नका जाऊ साहेब. भिंतीच्या कडंनं या."

मुरमावर ओल्या कड्यांची रांग होती. समोर दुसरी रांग. मधे वाढप्याला चालायला जागा असते, तेवढी कोरडी.

"पानी मारलं का इथं?"

"आज कुठीच नाही मारलं."

"मंग कडंनं काहून?"

गोविंदसिंगनं थापी मुरमावर टेकवली. "कोनाच्या पंगतीतून चालावं का मानसानं?"

बबनराव हसले. पण गेले कडेकडेनंच.

घरात राहायला जायचा दिवसही नेमका बुधवार आला. सकाळी वंदना झाली, भिवाजींचे सगेसोयरे जेवून गेले. दुपारची पंगत गावासाठी होती. बैठकीत पट्ट्या अंथरल्या होत्या, पत्रावळींवर वरण-भात, बुंदी वाढलेली. गाव आलाही. मोठे शेतकरी माणिकराव सगळ्यांच्या पुढे.

"घर लय झकास झालं भिवाजी," अंगणातूनच ते म्हणाले. "पन मले आज उपास हाये."

मग त्यांच्या शेजारच्याला उपास निघाला. मग त्याच्या मागच्याला. बबनराव मान खाली घालून पायातल्या वहाणेकडे बघत राहिले. शब्द त्यांचेच होते.

"आयकलं का पंचफुला?" भिवाजी मोठ्यानं म्हणाले. "साऱ्या गावाले एकाच दिवशी उपास आला." आणि वरणाची बादली उचलून आत गेले.

"घ्या. लाजू नोका. आनखी घ्या," त्यांचा आवाज आला.

पाठोपाठ पत्रावळी खसखसल्या. कुणी खाकरलं. कुणीतरी हसलं, आणि ते हसू रांगेच्या टोकापर्यंत गेलं.

अंगणातलं कुणी हललं नाही. बबनरावांना ठाऊक होतं, बैठकीला दुसरं दार नाही. नकाशा त्यांचाच होता.

ते दारात गेले.

पट्ट्या रिकाम्या होत्या. भिवाजी वाकून वाढत होते. मागून पंचफुलाबाई पेले भरत येत होती. ती पुढच्या पेल्याकडे वळली की मागचा रिकामा झालेला असे.

पेला हलत नव्हता. फक्त पाणी खाली जाई.

दाराजवळचा एकच पेला भरलेला होता.

"ते तुमचं पान हाये बबनराव," ती म्हणाली. "बसा."

घसा कोरडा पडला होता. एक पाऊल उंबरठ्यात होतं. त्यांनी मागे पाहिलं. माणिकराव त्यांच्याकडेच बघत होते.

"उपास..." ते पुटपुटले.

पंचफुलाबाई रागावली नाही. जाणाऱ्या पाहुण्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "बरं. मंग उपासच असू द्या."

घरी पोचले तेव्हा ऊन अजून ओसरीवर होतं. पोटात आग पडली होती. तुळसाबाईनं नवऱ्याला ताट वाढलं, भाकर, बेसन, कांदा. बबनराव आधी एका दमात पेलाभर पाणी प्यायले. मग मान वर न करता जेवले. तोंड पुसलं.

घसा तसाच कोरडा होता.

तुळसाबाई भाकरी घेऊन आली आणि थांबली. "काहून जी, ताटाले हातबी नाही लावला?"

त्यांनी खाली पाहिलं. भाकर अख्खी होती. पेला काठोकाठ भरलेला होता.

"बुधवारचा कायचा उपास हाये तुमचा?" तिनं विचारलं.