आईकडून आलेली खूण

ध्रुवपूरच्या वंशपरीक्षण प्रयोगशाळेत डॉ. उल्का पेंढारकर सकाळी आल्या, तेव्हा त्यांच्या खुर्चीत दक्षिणेचे आयुक्त यशवंत दिघे ऐसपैस बसले होते आणि कोपऱ्यातल्या बाकावर गोदी अंग चोरून बसली होती. गोदी विशीतली असेल. दक्षिणेच्या खाणीतून पाण्याच्या टाकीत लपून ती तीन आठवड्यांपूर्वी उत्तरेत पोचली होती. इथं राहायचं की पुन्हा खाणीत जायचं, हे आजच्या चाचणीवर ठरणार होतं.

मंगळावरच्या या संघराज्याची तऱ्हाच निराळी. दक्षिणेत माणसं मालकीची असत, त्यांना 'बांधील' म्हणत. उत्तरेत त्याला बंदी होती. भांडण हातघाईवर आलं, तेव्हा शहाण्यासुरत्या मंडळींनी तडजोड काढली. पळून आलेला बांधील उत्तरेनं परत करायचा, पण शास्त्रीय चाचणी करूनच. मोकळ्या माणसाला कुणी चुकून ओढून नेऊ नये, या भल्या हेतूनं बारा वर्षांपूर्वी उल्काबाईंनीच ती चाचणी तयार केली होती. आजवर त्यांनी तीनशे बारा माणसं परत पाठवली होती, आणि त्यापायी त्यांची झोप एकदाही उडाली नव्हती.

"एकदा नीट समजावून सांगा बुवा," दिघे म्हणाले. "सभेत विचारतात आणि माझी पंचाईत होते."

"पेशीला लागणारी ऊर्जा तंतुकणिका तयार करतात," बाई म्हणाल्या. "त्या मुलाला फक्त आईकडून मिळतात, बापाचा तिथं संबंध नाही. तुमच्या पूर्वजांनी पहिल्या बांधील बायकांच्या तंतुकणिकांत एक खूण घालून ठेवली आणि कायदाही तसाच केला. खूण असेल तो बांधील, मग तो कुठंही जन्मलेला असो."

"आणि यंत्र चुकलं तर?"

"म्हणून दोन नमुने लावतो. एक हिचा, दुसरा खात्रीनं मोकळ्या माणसाचा. दुसऱ्यात खूण दिसली, तर यंत्र बिघडलं समजायचं."

हा दुसरा नमुना नेहमी त्यांचे सहकारी डॉ. श्रीरंग तांबट देत. आज ते कुरकुरले. "बारा वर्षं माझंच रक्त काढताय बाई. कधीतरी स्वतःचं द्या की!"

बाई हसल्या आणि त्यांनी बाही वर सारली.

अर्ध्या तासानं दोन्ही नळ्या निळ्या झाल्या, म्हणजे दोन्हींत खूण होती. तांबटांनी यंत्र धुऊनपुसून पुन्हा लावलं आणि या खेपेला स्वतःचंही रक्त घातलं. त्यांची नळी स्वच्छ राहिली. गोदीची आणि बाईंची पुन्हा निळीच झाली.

"तुमच्या आईच्या आईचा जन्म कधीचा?" तांबटांनी हळूच विचारलं.

"किरणवादळानंतरचा," बाई म्हणाल्या. "उत्तरेतल्या बायकांच्या तंतुकणिका जळाल्या होत्या, मुलं जगत नव्हती. दक्षिणेनं बीजांडं पाठवली. त्यांतलं केंद्रक काढून आपल्या बायकांचं घातलं. तंतुकणिका मात्र बीजांडं देणाऱ्या बायकांच्याच राहिल्या."

"कुणाच्या?"

"ते कुणी विचारलंच नाही, श्रीरंग."

तशा सातशे मुली जन्मल्या होत्या. तांबटांनी पिढ्या मोजल्या. आज पंधरा हजार तरी माणसं निघाली असती, म्हणजे ध्रुवपूरचा दर सहावा माणूस. कायद्यानं ती सगळी दक्षिणेच्या मालकीची होती.

दिघ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढचं सगळं त्यांना इतरांच्या आधी दिसलं. "बाई, हा निकाल फाडा. यंत्र बिघडलं होतं म्हणा. या मुलीला मी इथंच सोडून जातो."

बाईंना मोह झाला. त्यांच्या डोळ्यांसमोर आधी स्वतःची लेक आली, मग लेकीची दोन मुलं. गोदी त्यानंतर आली, याची त्यांना लाज वाटली.

"आणि उद्या दुसरी कुणी पळून आली तर?"

"तिच्यासाठी तांबटांचं रक्त वापरा," दिघे सहज म्हणाले.

त्या सहजपणानं बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी दोन्ही निकालांवर सही केली आणि नियमाप्रमाणे ते संघराज्याच्या सभागृहाकडे पाठवून दिले. "दोघींचा निकाल एकच आहे. न्यायचं तर दोघींना न्या."

"याला युद्ध म्हणतात, बाई! तुम्हा पंधरा हजारांना नेलं नाही तर माझे लोक मला जिवंत ठेवणार नाहीत, आणि नेलं तर तुमचे ठेवणार नाहीत." दिघे टोपी विसरूनच निघून गेले.

दुपारी दक्षिणेनं सभागृहातून आपले प्रतिनिधी काढून घेतले. तासाभरात प्रयोगशाळेखालचा चौक माणसांनी भरला. शस्त्रागाराची दारं फोडली गेली. आपली आई, आपली बायको, आपली पोरं कुणाची मालमत्ता ठरतात, हे ऐकून सभ्य, शांत ध्रुवपूर चवताळलं होतं. तांबटांनी खिडकी सताड उघडली. "जागं झालं एकदाचं आपलं शहर!"

गोदी त्यांच्या शेजारी येऊन खाली बघत राहिली. पहिल्यांदाच ती आपणहून बोलली.

"माज्या भावाला वर्सामागं ह्याच चौकातनं नेला. दंडाला साखळी लावून. खानीत परत आल्यावर त्यानंच सांगितलं मला. तवा बी हितं लई मानसं हुती. बाजूला सरून वाट दिली त्यांनी."

तांबट खिडकीपासून मागे सरकले. खाली बंदुका वाटल्या जात होत्या.

"नाव काय त्याचं?" उल्काबाईंनी विचारलं.

"तुमाला ठावं नाही?" गोदी म्हणाली. "सही तुमचीच हुती की."