डावीकडे ओढणारी मिनी

"पुन्हा मोज! तू चुकलीस!" इद्वल म्हणाला.

त्याची बहीण एलुनेड अंगणात मामाच्या छोट्या मिनी गाडीपुढे पालथी पडली होती. दोन काठ्या एकमेकींवर सरकवत तिने पुढच्या चाकांमधलं अंतर आधी पुढून घेतलं, मग मागून. सोमवारी त्यांत नखाएवढा, हवा तेवढाच फरक होता. आज बुधवार, आणि फरक बोटभर!

"चाकं फिरायला जातात वाटतं!" इद्वल खिदळला.

एलुनेडला हसू येईना. गाडीला चाकांवर तोलून धरणारं, बसकं झालेलं सस्पेन्शन गेथिनमामाने शनिवारी उचललं होतं. गाडी उंच झाली की पुढची चाकं तिरपी होतात, ती पुन्हा सरळ लावावी लागतात. मामाने ती लावलीही होती. मग गाडी डावीकडे का ओढत होती? आणि आज तर मामा आजीला डोळे दाखवायला शहरात नेणार होता! घाटात डाव्या हाताला गुडघ्याएवढा कठडा, आणि खाली खोल तळं.

"मामा, चाकं हलतायत!"

"तुझ्या काठ्याच वाकड्या असतील, बाईसाहेब!" म्हणत मामा दुकानातून ब्रेड आणायला निघाला.

पण तो गाडीत बसायच्या आत एलुनेडने चाकामागे हात घातला. चाक वळवणारा दांडा आणि त्याला आवळून धरणारा नट, दोन्हींवरून तिने खडूची एकच सरळ रेघ ओढली.

मामा परतला. आजी टोपी सावरत गाडीत बसली. मामा तिचा कोट आणायला घरात गेला, तशी एलुनेड चाकाशी वाकली.

रेघ तुटली होती! एक तुकडा वर, एक खाली!

नट आवळलेलाच नव्हता. दांडा आपल्या आट्यांत आपोआप फिरत होता. फिरत फिरत तो पुरता सुटला, की चाक जाईल वाटेल तिकडे.

"मामा, थांब!"

पण कोट घेऊन मामा गाडीत बसलाही होता. इंजिन धडधडलं. मामाने हसून हात हलवला आणि गाडी सुरू केली.

"इद्वल, मेंढ्या! वाड्याचं फाटक उघड!"

इद्वल वाऱ्यासारखा पळाला. पुढच्या क्षणी चाळीस मेंढ्या बें-बें करत अरुंद रस्त्यावर! ब्रेक किंचाळले.

"वेड लागलंय का कार्ट्यांनो?" मामा गरजत उतरला.

एलुनेडने चाकामागे हात घातला आणि नुसत्या दोन बोटांनी नट गरागरा फिरवला.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला.

"गेथिन," आजीने खिडकीतून विचारलं, "हे काम केलंस कधी?"

"रविवारी... शेडचं दार लावून. तेवढ्यात चॅपेलचे, आपल्या प्रार्थनाघराचे, कारभारी हाका मारत आले. पाना लपवला, आणि नट तसाच राहिला."

त्या काळी वेल्सच्या त्या डोंगरात रविवार म्हणजे देवाचा दिवस, कामाला बंदी; त्या दिवशी कुणी दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालत नसे. मग पाना कुठला!

"देवापासून लपवलंस, ते त्याचं तो बघेल," आजी म्हणाली. "पण त्याच गाडीत तू मला बसवलंस!"

मामा मान खाली घालून कामाला लागला. दांडा तो फिरवी, अंतर एलुनेड मोजी. फरक पुन्हा नखाएवढा झाला, तेव्हा त्याने नट आवळला आणि पाना तिच्या हातात दिला.

"तू बघ. आज मोजलं नसतंस तर..."

"या घरात एक तरी माणूस मोजून बघतं!" आजी म्हणाली. उतरून ती गाडीच्या दाराशी उभी होती. गेथिनकडे तिने पाहिलंही नाही. "एलुनेड, बसू का गं?"

एलुनेडने सगळा भार टाकून पाना ओढला. नट तसूभरही हलला नाही.

"बस, आजी."