गंजाखालची सीट

प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना जुन्या जाहिरातींच्या पाट्यांचं वेड लागलं. मोटारी नव्या होत्या तेव्हाच्या, टायरच्या, पेट्रोलच्या, इंजिनच्या तेलाच्या. लोखंडी पत्र्यावर काचेचा रंग भाजून बसवलेल्या. बैठकीच्या तीन भिंती भरल्या होत्या.

"माझ्यापेक्षा जास्त आंघोळी यांना घालता," बायको म्हणायची.

मग एक पाटी त्यांना एका बंद गॅरेजच्या छपराला ठिगळ म्हणून ठोकलेली सापडली. घरात आणताना बायकोने एक बाजू धरली आणि धारेने तिचा अंगठा कापला. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पांढरी पट्टी बांधली.

"सवत चावली हो मला!" ती हसत म्हणाली.

पाटीवर टप नसलेली मोटार होती, धुळीचा रस्ता, पुढे टोपीवाला ड्रायव्हर. मागच्या सीटवर मात्र तळहाताएवढा गंज. तिथला रंगच उडालेला. रंग उडाला की खाली नुसतं लोखंड उरतं, दुसरं काही असूच शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी सौम्य आम्लाचा बोळा खालून वर फिरवायला घेतला. गंज सुटला. निळं कापड दिसलं. मग बाही. मग मोटारीच्या दारावर टेकलेला बाईचा हात.

अंगठ्याला पांढरी पट्टी.

त्यांनी भिंग लावून पाहिलं. पट्टीची गाठसुद्धा काचेत भाजलेली होती.

मान आणि चेहरा अजून गंजाखाली होते. तो आणखी सुटू नये म्हणून त्यांनी त्यावर तेलाचा जाड थर दिला आणि चित्र भिंतीकडे करून पाटी मागच्या खोलीत ठेवली.

"काय हो, एवढ्यात रुसलात तिच्यावर?"

"राहू दे. तू हात लावू नकोस."

"का पण?"

सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती, शेजारीपाजारीही सांगत सुटली असती. त्यांनी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते भंगारवाल्याला गाठायला निघाले. त्याला पत्ता सांगून परतले तेव्हा दुपार झाली होती.

मागच्या खोलीत घमेल्यात तांबूस पाणी होतं. ब्रश ओला होता. पाटी लख्ख घासून, आल्याआल्या त्यांना दिसावी अशी दारासमोर उभी केली होती.

मागच्या सीटवर त्यांची बायको बसली होती. मान मागे वळवलेली. तोंड उघडं.

"अगं!"

"आले!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

त्यांच्या जिवात जीव आला. ते भिंतीला टेकून थांबले.

"आले!" पुन्हा. सूर तोच.

"अगं, इकडे ये ना!"

"आले!"

स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. आवाज मात्र दर खेपेला आणखी लांबून येत होता, वाऱ्यात ओरडून बोलावं लागतं तसा.