उंबऱ्यावरचा बेडूक

तो बेडूक आपण पुन्हा होता तसा फिरवून ठेवला की नाही, हे तोकुजी सेजिमांना कधीच नीट आठवलं नाही. बेडूक आठवे. मुठीत मावेल एवढा, काळ्या दगडाचा, पाठ हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली, डोळ्यांच्या जागी नुसते दोन उंचवटे. त्याचा गारवाही तळहाताला आठवे. पण त्या धुक्याच्या दुपारी तो खाली ठेवताना त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं, इथवर आलं की आठवणीचा पाय घसरे. म्हातारपणी तर त्यांना शंका येऊ लागली होती, की आपण जिला आठवण म्हणतो ती आठवणच आहे, की इतक्या वर्षांत मनाच्या समाधानासाठी रचून ठेवलेली कहाणी.

निमित्त अगदी साधं होतं. सेजिमा तेव्हा क्योतोत नुकतेच व्याख्याते झालेले. लोकांच्या बोलण्यातले शब्दखेळ गोळा करायला ते उत्तरेकडच्या एका मासेमारी गावात गेले होते. तिथले लोक शब्दांना भीत आणि शब्दांवरच विसंबून राहत. चार या आकड्याचा उच्चार मरणासारखा, म्हणून माकुळ मासळीच्या जुडीत कधी चार नग बांधत नसत. मागच्या दारी एक लाल फळांचं झुडूप हटकून असे, कारण त्याच्या नावात 'संकट टळो' असं ऐकू येई. आणि बेडकाचं जे नाव, तोच उच्चार 'परत येणे' या शब्दाचा. म्हणून ज्या घरातला माणूस दर्यावर गेलेला, त्या घराच्या उंबऱ्यावर बेडूक. सेजिमा या सगळ्याला 'भ्यालेल्या माणसाने केलेला विनोद' म्हणत. त्या वाक्यावर ते त्या काळी फार खूश होते.

ते उतरले होते कान्सुके नावाच्या मच्छीमाराकडे, माडीवरच्या खोलीत. घरात कान्सुके आणि त्याची बायको इने, एवढीच माणसं. शेजारची हात्सुमावशी मात्र जेवणाच्या वेळेला बरोबर टपके.

"मास्तर, नुसत्या शब्दांवर पोट भरतं का हो?" कान्सुकेने एकदा भाताचा वाडगा पुढे करत विचारलं.

"भरत नाही. म्हणून तर तुमच्याकडे जेवतोय."

कान्सुके खो खो हसला. हात्सुमावशीने मिसोचं सार भुरकत बेडकाची रीत सांगायला घेतली. "तोंड आत म्हणजे 'या'. मग दर्यावरचा माणूस थेट आत येतो, कुणाला विचारत नाही. तोंड बाहेर म्हणजे 'निघा'. मग घरात असेल त्यालाही बाहेर पडावं लागतं. आणि पुन्हा यायचं तर बिचाऱ्याने दाराशी उभं राहून हाक मारायची, आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत."

"नकोसा पाहुणा असला की आमच्या बायका हळूच फळीवरचा बेडूक उतरवून उंबऱ्यावर तोंड बाहेर करून ठेवतात," कान्सुके म्हणाला. "चहा संपायच्या आत उठतो. मास्तर, तुम्ही आल्यापासून रोज उंबऱ्याकडे बघतोय. इनेने अजून ठेवलेला नाही!"

"मनात आलं होतं," इने बाहीआड हसत म्हणाली, "पण म्हटलं, मास्तर भाताला नावं ठेवत नाहीत."

"बघा कशी हसते ती," हात्सुमावशी म्हणाली. "लाजते आणि तेवढ्यात पाहुण्याचा वाडगाही भरते!"

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना कान्सुके माकुळाच्या बोटीवर जायला निघाला. दाराच्या आत मातीच्या जमिनीवर, जिथे सगळे पायताणं काढत, तिथे बसून तो रबरी बूट चढवत होता. उजव्या बुटाला इनेने ठिगळ लावलं होतं. मासळीच्या आकारात कापलेलं, फिकट रबराचं.

"हे काय गं? बंदरावर सगळे हसतील."

"हसू देत. शंभर बुटांत तुमचे ओळखू येतील."

तो उठला, उंबरा ओलांडून थांबला. "जाऊन येतो."

"या जाऊन."

इनेने फळीवरून बेडूक उतरवला आणि उंबऱ्याच्या टोकाला ठेवला. तोंड आत.

रात्रीतून धुकं आलं. सकाळी सेजिमांनी माडीची खिडकी सरकवली तर बाहेर काहीच नव्हतं. समुद्र नव्हता, रस्ता नव्हता, समोरचं छप्पर नव्हतं. नुसतं पांढरं. ओल्या दोरखंडाचा आणि शेवाळाचा वास मात्र घरभर शिरलेला. बंदराच्या दिशेने टणटण आवाज येत होता. गावातल्या बायका धक्क्यावर उभ्या राहून पातेली बडवत होत्या, बोटींना दिशा कळावी म्हणून. एकेक बोट येई तसं एकेक पातेलं गप्प होई.

दुपार झाली. आता एकच पातेलं वाजत होतं.

ते कुणाचं, हे सेजिमांना ठाऊक होतं. त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं, याचा त्यांनी पुढे आयुष्यभर ताळा मांडला, आणि तो प्रत्येक वेळी त्यांच्याच अंगावर आला. कारण त्यांच्या मनात उजेड होता. धुक्यातून गाळून आलेला, सावली न पाडणारा तो मऊ उजेड फोटोला फार चांगला. आणि बेडूक उंबऱ्यावर असतो तो माणूस दर्यावर असेल तेव्हाच. पुन्हा अशी संधी कधी मिळणार?

ते कॅमेरा घेऊन खाली उतरले. दार उघडंच होतं, इनेने धावत जाताना लावलं नव्हतं. बाहेर जाऊन त्यांनी समुद्राकडे पाठ केली, गुडघे टेकले आणि एक फोटो घेतला. बेडकाची पाठच दिसत होती. मागे घरातला काळोख. पाठीच्या फोटोला काय अर्थ? त्यांनी हात पुढे केला. बेडूक गार होता आणि वाटला त्यापेक्षा जड. तो उचलताना जरा जोर लावावा लागला, जणू खालून कुणीतरी धरून ठेवलेला. त्यांनी त्याला फिरवला. तोंड बाहेर. मग दुसरा फोटो घेतला.

त्याच क्षणी घरातून गार हवेचा एक झोत त्यांच्या अंगावरून बाहेर गेला. ओल्या लोकरीचा वास आला. सेजिमांनी कॉलर वर केली, इतकंच. मग गल्लीतून हात्सुमावशीची हाक आली, "मास्तर, गरम पाणी नेऊन द्या हो पोरीला, गारठलीय ती तिथे!" ते घाईने उठले. बेडूक फिरवून ठेवला... की तसाच राहिला... इथेच ते सगळं पुसट होतं.

धक्क्यावर जाऊन त्यांनी इनेला गरम पाण्याचा थर्मास दिला. तिने तो घेतला नाही. तिचा हात पातेलं बडवत राहिला, डोळे धुक्यात.

"वहिनी, येतील ते."

"बेडूक आहे ना जागेवर?" तिने विचारलं.

"आहे," ते म्हणाले. खोटं नव्हतं. जागेवर होताच.

ते घरी परतले, ओलावा नको म्हणून दार ओढून घेतलं आणि माडीवर टिपणं लिहायला बसले. बाहेर पांढरं तसंच. पातेल्याचा आवाज कधी जवळून येई, कधी फार लांबून. बराच वेळ गेला असावा. मग खाली, रस्त्यावर, पावलं वाजली. जड, रबरी, पाण्याने भरलेली. प्रत्येक पावलाला आत पाणी डुचमळत होतं. पावलं दाराशी आली आणि थांबली.

"आलो."

कान्सुकेचा आवाज. दमलेला, पण त्याचाच. सेजिमांच्या छातीवरचा दगड उतरला. ते जिन्यापर्यंत धावले, दोन पायऱ्या उतरलेही. मग त्यांच्या ध्यानात आलं, की पातेलं अजून वाजतंय. धक्क्यावरून घरी यायला एकच रस्ता. इने त्याच रस्त्यावर उभी. तिला ओलांडून हा आला कसा?

"आलो..."

दाराच्या कागदी चौकटींवर सावली नव्हती. बाहेर इतका पांढरा उजेड असून सावली नव्हती. तळाशी मात्र कागद ओला होत चालला होता, ओल वर वर चढत होती.

"कुणी आहे ना... घरात?"

एक शब्द पुरला असता. 'या.' त्या घरात पोर जन्मल्यापासून जो शब्द शिकतं, तो. सेजिमांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. आपण या घरचे नाही, आपला काय अधिकार, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात आलं. पुढे त्यांना कळलं की ती सबब होती. ते भ्याले होते. जिन्याचा कठडा धरून ते उभे राहिले आणि श्वास घ्यायचेही थांबले, आत कुणी नाही असं वाटावं म्हणून.

बाहेरचा फार वेळ उभा होता. घाई नव्हती त्याला. कामावरून आलेला माणूस बायको हातातलं टाकून येईतो जसा थांबतो, तसा थांबला होता. मग पावलं वळली. डुचमळत डुचमळत, समुद्राच्या बाजूला गेली.

सेजिमांनी दार सरकवलं तेव्हा पायरीवर पाणी साचलेलं होतं आणि बेडूक त्या पांढऱ्या पोकळीकडे तोंड करून बसला होता. निदान त्यांना तसं आठवतं. त्यांनी तो आत वळवला, हे तर नक्की, कारण वळवताना पायरीवरच्या पाण्यात बाही भिजली ते त्यांना आठवतं.

अंधारताना हात्सुमावशी इनेला धरून घेऊन आली. इने दाराशी थबकली. पायरीकडे बघत राहिली.

"कुणी आलं होतं का, मास्तर?"

"नाही."

"पायरी ओली आहे."

"धुकं आहे ना, वहिनी," सेजिमा म्हणाले.

काही दिवसांनी कान्सुकेचा एकटाच राहणारा सोबती तोमेझो गावी परतला; दुसऱ्या गावच्या बोटीला तो फळकुटाला धरून तरंगताना सापडला होता. त्याने सांगितलं, पहाट फटफटायच्या आतच एका लाटेने बोट उलटली. कान्सुके त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला. गावाने क्रियाकर्म करायचं ठरवलं. इनेने करू दिलं नाही. "ते घरी आलेले नाहीत," एवढंच ती म्हणे. बेडूक तिने उंबऱ्यावरून हलवला नाही.

त्या पहाटेच्या आधाराने सेजिमा जगले. बोट बुडाली पहाटे, आपण बेडूक फिरवला दुपारी; तेव्हा आपल्या हातून काही घडलं नाही. हा हिशेब ते मनाशी पुनःपुन्हा म्हणत, मंत्रासारखा. शब्दखेळांवरचं त्यांचं पुस्तक गाजलं. त्यात बेडकाचं प्रकरण नव्हतं. घरात मात्र त्यांची एक खोड होती. बाहेरून कुणीही "आलो" म्हटलं, की ते हातातलं टाकून, प्रसंगी न्हाणीघरातूनसुद्धा, "या! या!" असं ओरडत. बायको हसे. "अहो, पेपर टाकणारा पोऱ्या होता तो!"

ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर एका संग्रहालयाने त्यांच्या जुन्या फिल्म मागितल्या. तिथे मिसाओ नावाची एक बाई फोटो मोठे करून देई. तिने दोन फोटो त्यांच्यापुढे ठेवले. बेडकाची पाठ, आणि बेडकाचं तोंड.

"मागचा काळोख मी जरा उजळून काढलाय, सर," ती म्हणाली. "घरात तेव्हा कुणी होतं का?"

सेजिमांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग त्यांनी दोन्ही फोटो पाकिटात घातले, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेची गाडी धरली.

इने जिवंत होती. पाठीला बाक आलेला, पण कान तीक्ष्ण. तिने त्यांना आवाजावरून ओळखलं. "मास्तर! भात टाकू का?" उंबऱ्यावर बेडूक होता, तोंड आत. बसल्यावर सेजिमांनी पाकिटातून पहिला फोटो काढून तिच्या हातात दिला, पाठीचा. इनेने भिंग आणलं. बेडकाच्या पलीकडे, मातीच्या जमिनीवर, रबरी बुटांचा जोड होता. थकलेला माणूस काढतो तसे वेडेवाकडे काढलेले, चवडे घराच्या आत वळलेले, भोवती पाण्याचं थारोळं. उजव्या बुटावर मासळीच्या आकाराचं फिकट ठिगळ.

"हे तर ते घालून गेले होते," इने म्हणाली. मग हळूच, "हा कधीचा फोटो?"

"त्याच दुपारचा."

तिने भिंग त्या ठिगळावरच धरून ठेवलं. सेजिमा शिव्यांची वाट बघत होते. पण इनेच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्यांनी कधीच पाहिलेलं नव्हतं.

"म्हणजे आले होते ते," ती म्हणाली. "आले होते हो, मास्तर! आणि मी वेडी तिकडे पातेलं बडवत बसले." ती घराच्या आतल्या अंधाराकडे वळली आणि पोरीसारख्या आवाजात म्हणाली, "आलात? या."

मग ती भिंतीला धरत उठली, उंबऱ्यावरचा बेडूक उचलला आणि फळीवर नेऊन ठेवला, माणूस घरी आल्यावर ठेवतात तसा. बेडूक मी फिरवला होता, हे सेजिमांच्या ओठांवर आलं. आलं, आणि तिथेच राहिलं.

दुसरा फोटो त्यांनी पाकिटातून काढला नाही. तो त्यांनी परतीच्या गाडीत, दिव्याखाली धरून, स्वतःच्या भिंगातून पुन्हा एकदा नीट तपासला. तोच उंबरा, तोच उजेड, तोच काळोख; बेडकाचं तोंड समुद्राकडे. मातीच्या जमिनीवर बूट नव्हते. थारोळं होतं, आणि त्यातून निघालेली ओल्या पावलांची ओळ उंबऱ्यावरून बाहेर, कॅमेऱ्याच्या दिशेने आलेली होती.