बोहणीच्या आधीचं भांडण

वर्षाराणीने गाडी दुकानाच्या दारात आडवीच लावली. लावली म्हणजे काय, ती तिथेच बंद पडली; पण ते कुणाला सांगायची गरज तिला वाटली नाही. नांदेडहून लातूरपर्यंत गाडी गचके खात आली होती आणि दर गचक्याला तिच्या तोंडून या दुकानाचा उद्धार झाला होता.

आत मृत्युंजय नुकताच उदबत्ती लावून गल्ल्यावर टेकत होता. कपाळावर विभूतीचे पट्टे अजून ओले होते.

"या ताई," तो म्हणाला.

"गाडीत बसवलेला तो तुमचा सेन्सर परत घ्या," ती म्हणाली.

वर्षाराणीचं नांदेडला बायकांना गाडी शिकवायचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. गाडी एकच. त्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर गेला. सायलेन्सरच्या नळीत बसून, धूर जोखून इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते सांगणारा बोटभर तुकडा. मिस्त्रीने तो याच दुकानातून मागवून नवा बसवला आणि तेव्हापासून गाडीने ताळच सोडला. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेना, भर रस्त्यात इंजिन बंद पडे. मिस्त्री म्हणे पार्ट खराब, दुकानवाले फोनवर म्हणत मिस्त्री खराब. शेवटी ती स्वतःच निघाली.

मृत्युंजयने हात जोडले. अजून बोहणी व्हायची होती. पहिल्या विक्रीआधी परतीचा माल आत घेतला की दिवस वाया जातो, हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेलं. ताईंनी घडीभर बसावं, चहा घ्यावा, कुणी ना कुणी गिऱ्हाईक येईलच, असं तो अगदी आर्जवाने म्हणाला.

वर्षाराणीने दारात टांगलेलं काच पुसायचं फडकं ओढून काढलं आणि नोट गल्ल्यावर आपटली. "झाली बोहणी. आता बोला."

तो हसला. हसू चांगलं होतं, हे तिला दिसलं... आणि त्यामुळे ती आणखीनच चिडली.

"पण ताई, पार्ट सीलबंद होता. नवा पार्ट खराब कसा असंल? शिकाऊ बायका चालवतेत म्हणता – क्लचवरचा पाय कच्चा असला की गाडी बंद पडतेच."

तिथे मात्र वर्षाराणीचं डोकं खरोखर फिरलं. कारण हेच वाक्य तिने तारामतीबाईंच्या तोंडून ऐकलं होतं. तारामतीबाई खानावळ चालवायच्या. घरचे हसत असताना, वयाच्या पंचेचाळिशीत त्या गाडी शिकायला आल्या आणि झकास शिकल्या. मग वजिराबादच्या चौकात गाडी बंद पडली. मागून ऑटोवाल्यांनी हॉर्नचा कहर केला. बाईंनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली, शेवटी उतरून चालत घरी गेल्या आणि फोन करून म्हणाल्या, "मॅडम, माझा पायच खराब हाय." सोमवारी त्यांची लायसनची परीक्षा होती आणि त्या येणार नव्हत्या. एका फुटकळ तुकड्यापायी ती बाई स्वतःलाच दोष देत घरी बसली होती.

"उठा," वर्षाराणी म्हणाली. "तुम्हीच चालवा."

तो निमूट उठला. ती शेजारी बसली. गंजगोलाईच्या बाजारात, ऐन गर्दीत गाडीने अंग टाकलं. त्याने चालू केली, ती पुन्हा बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले. एका हातगाडीवाल्याने त्याच्या अकलेबद्दल जे काही काढलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मृत्युंजयचे कान लालभडक झाले.

"पाय कच्चा हाय तुमचा," वर्षाराणी समोर बघत म्हणाली.

तो या वेळी हसला नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "माल माझा खराब हाय. चुकलं माझं."

वाटभर जुळवून आणलेली तिची सगळी भाषणं वाया गेली. त्याचाही तिला राग आला.

दुकानात परतल्यावर त्याने त्याच मालाच्या खोक्यातला दुसरा सेन्सर काढला, शेजारच्या गॅरेजमधल्या मलप्पाकडून बसवून घेतला. पिवळा दिवा तसाच. तिसराही तसाच. मग मृत्युंजय भडकला. ज्या व्यापाऱ्याने माल पाठवला त्याला फोनवर त्याने असा काही झाडला, की वर्षाराणी जाणकाराच्या कौतुकाने ऐकत राहिली. आणि फोन ठेवून त्याने सरळ स्वतःच्या गाडीतला सेन्सर काढायला सांगितला. गाडी त्याच बनावटीची होती. तो बसवला आणि दिवा विझला.

तोवर दोनदा चहा झाला होता, तारामतीबाईंची सगळी गोष्ट सांगून झाली होती आणि त्याच्या बोलण्यातली 'ताई' कधी गळून पडली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"आणि तुमची गाडी?"

"तुमचा खराब तुकडा तिच्यात. नवा माल येईस्तोवर गचके खाईल. मलाबी कळू द्या."

आभार मानायचे सोडून ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तारामतीबाईंना सांगा. समोर येऊन."

पुढच्या दिवसांत तिने त्याला फोन केले ते झापायलाच. व्यापाऱ्याने काय केलं म्हणून. मग, काय केलं ते आपणहून कळवलं नाही म्हणून. मग... काल फोन का केला नाही म्हणून.

सोमवारी सकाळी परीक्षेच्या मैदानावर तारामतीबाईंना तिने कसंबसं फाटकापर्यंत आणलं होतं. तेवढ्यात एक गाडी खोकत, ठेचकाळत आली आणि फाटकातच बंद पडली. मृत्युंजय उतरला. बाईंपुढे हात जोडून उभा राहिला.

"पाय तुमचा चांगला हाय, बाई. माल माझा खराब होता. ही माझी गाडी बघा, तसंच करून राहिली."

तारामतीबाईंनी त्याला गाडी चालू करायला लावली. ती बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा बंद पडली. बाईंचा चेहरा बदलत गेला. मग त्यांनी पदर खोचला आणि भर मैदानात त्याला असा फैलावर घेतला, की रांगेतली माणसं वळून बघू लागली. "झोपले न्हाई मी," त्या म्हणाल्या. "पोरं हसली मला." तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्या क्षणी तो वर्षाराणीला मनापासून आवडला.

मग बाईंनी वर्षाराणीची गाडी अशी चालवली, की परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. पास.

घरी निघताना किल्ली त्यांच्याच हातात होती. "मॅडम, तुम्ही मागं बसा," त्या म्हणाल्या. "त्या पोरालाबी घ्या. पुढं आज मी एकलीच."

गोदावरीच्या पुलावर वारा भरारा आत येत होता. मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा सोडलेली होती.

"मी अजून रागात हाय," वर्षाराणी म्हणाली.

"हाव. दिसतंय."

त्याने खाली पाण्याकडे नजर वळवली. मग हळूच म्हणाला, "आई विचारून राहिली... दुकानात येऊन भांडून गेली, ती कोण म्हणून."

"मग? काय सांगितलं?"

"काय सांगू, ते विचारायचं होतं – "

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. गाल तापले होते, पण आवाज तिने होता तसाच कडक ठेवला.

"सांगा, भांडण अर्धंच झालंय. उरलेलं घरी येऊन करते म्हणावं."